दाऊदचाचांचं गोणपाट

दाऊदचाचा आमच्या मळ्यात यायचे ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा वास आणि खांद्यावर पाणी ठिबकणारं गोणपाट घेऊन. शर्टाची मागची बाजू भिजून मातकट व्हायची. माणूस शौकीन, आरशात बघितल्याशिवाय घर न सोडणारा. पण त्या गोणपाटाची त्यांना कधी लाज वाटली नाही. लोक हसायचे. त्या हसणाऱ्यांची तोंडं मला आजही पाठ आहेत आणि आजही माझं डोकं फिरतं.

भातकापणी झाली की आमच्या गावच्या मळ्यात ट्रॅक्टरच्या ओढीची स्पर्धा लागते. ट्रॉलीत जांभ्याचे चिरे भरायचे आणि ज्याचा ट्रॅक्टर ती सगळ्यात लांब ओढेल तो पहिला. साधा शेतीचा ट्रॅक्टर तिथे टिकत नाही, म्हणून पोरं मोठ्या ताकदीच्या इंजिनांच्या मागे लागतात. माझा धाकटा भाऊ दिगा असाच बंदरावर गेला आणि भंगारात निघालेल्या मच्छीमारी ट्रॉलरचं इंजिन घेऊन आला. ट्रॅक्टरवर कसंबसं बसवलं, चालू केलं, आणि घटकाभरात अंगणभर वाफच वाफ. त्या इंजिनाला रेडिएटरच नव्हता. इतकी वर्षं ते समुद्राच्या पाण्यावर थंड होत आलं होतं, हे आमच्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाऊदचाचा दारात हजर. त्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळणारे तेच. पोरीला सासरी कसं वागवतात ते बघायला बाप यावा, तसे आले आणि आल्या आल्या दिगावर कडाडले, "ह्येका समुद्राचा पाणी पिऊची सवय आसा. तुझ्या अंगणात समुद्र खंय रे? माका दाखव!" मग स्वतःच तळेऱ्याला जाऊन पाइप आणले, ट्रॅक्टरवर पाण्याचं मोठं पिंप बसवलं. काम संपल्यावर हात पुसत म्हणाले, "माझ्यासारखो इंजिनवालो ह्या किनाऱ्यार दुसरो दाखव, मिशी काढून देतंय." मिशी त्यांना खरोखरच शोभायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात म्हण होऊन बसलं. नवं इंजिन दाखवायला कुणी आलं की ते ताकद विचारायचे नाहीत. म्हणायचे, "चालू खंयचोय येडो करता. बंद कसा करतलंस, ता आदी सांग."

कारण सांगितलं ते एकदाच, मला. भर समुद्रात एका ट्रॉलरचं इंजिन माजलं होतं. डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. मग चावी फिरवा नाहीतर डिझेल तोडा, ते थांबत नाही. त्याची हवा कोंडली तरच मरतं. हवेचं तोंड बंद करायला हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांच्या भावाने, याकूबने, आपला तळहात लावला. त्या हाताने याकूबने पुन्हा कधी जाळं धरलं नाही. तेव्हापासून चाचांच्या खांद्यावर ओलं गोणपाट.

आमच्या इंजिनाच्या हवेच्या तोंडावर त्यांनी एक झडप बसवली आणि तिची दोरी मागे ट्रॉलीला बांधली. ट्रॉली सुटली तर दोरी आपोआप झडप ओढणार. इंजिन माजलं तर मागून चालणारे चाचा ओढणार. प्रत्येक ट्रॅक्टरला अशी दोरी हवीच, हा त्यांचा हट्ट. स्पर्धेच्या कमिटीनेही तो काही वर्षं मानला. मग एकदा मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाताना ट्रॅक्टरला हिसका बसला, दोरी ताणली गेली, आणि जिंकता जिंकता दिगाचं इंजिन बंद पडलं. मळाभर शिट्ट्या. दिगा संतापाने लाल. "चाचा, तुमच्या दोरयेपायी माझो नंबर गेलो!"

"नंबर परत येतलो," चाचा म्हणाले. "हात येवचो नाय."

गेल्या वर्षी चिरेखाणीचे मालक बाळाशेट कमिटीचे अध्यक्ष झाले. त्यांनी घाटावरून दणदणीत इंजिन आणलं आणि त्यांच्या ड्रायव्हरला दोरी नको होती. झालं! कमिटीने ठराव केला की दोरी ऐच्छिक. माणसाचा जीव ऐच्छिक! चाचा मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडायला लागले, तेव्हा माइकवरून शुद्ध मराठीत घोषणा झाली, "दाऊदचाचांनी कृपया मैदान रिकामं करावं." लोक हसले. आमचा दिगाही त्या दिवशी खाली मान घालून बसला होता, कारण त्याने दोरी सोडली होतीच, वर झडपही उपटून घरी ठेवली होती.

चाचांनी खांद्यावरचं गोणपाट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "बाय, माका हाकलल्यानी. गोणपाटाक नाय." आणि मान ताठ ठेवून रस्त्याकडे निघाले.

दिगाची पाळी आली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. ट्रॉली अर्ध्या मळ्यात रुतली, पुढची चाकं उचलली गेली आणि इंजिनाचा आवाज चढत चढत किंचाळीवर गेला. दिगाने चावी फिरवली, डिझेल बंद केलं. काही उपयोग नाही. गिअर अडकलेला, पाय क्लचवर. पाय काढला तर ट्रॅक्टर माणसांत घुसणार, नाही काढला तर इंजिन त्याच्या तोंडासमोर फुटणार. मघाशी शिट्ट्या मारणारे सगळे पळाले. अध्यक्ष सगळ्यात पुढे. मी धावले आणि ते गोणपाट दोन्ही हातांनी हवेच्या तोंडात कोंबलं. इंजिनाने ते आत ओढलं, गचके खाल्ले आणि मेलं.

रस्त्यावरच घुटमळलेले चाचा आवाज ऐकून धावत परत आले होते. दिगा त्यांच्या पायांशी बसला. चाचांनी त्याला बाजूला सारलं. गोणपाट ओढून काढलं, चाचपलं आणि माझ्यावर खेकसले, "ह्या सुका कित्याक गो? भिजवूक नाय तू?" मग तोंड फिरवून बराच वेळ त्याच गोणपाटाने डोळे पुसत राहिले.

पुन्हा ते मळ्यात आले नाहीत. पावसाळ्यात साखरेच्या दुखण्याने गेले.

यंदा स्पर्धेच्या टेबलावर त्यांचा फोटो होता, झेंडूचा भला मोठा हार घातलेला. माणूस जिवंत असताना हाकलायचा आणि मेल्यावर त्याला हार घालायचा, यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. बाळाशेटनी माइकवर सांगितलं की कै. दाऊदचाचांना सगळ्या इंजिनांचा आवाज एकदम चढवून सलामी देण्यात येईल. मी रांगेवरून नजर फिरवली. आमचा ट्रॅक्टर सोडला तर एकालाही दोरी नव्हती.

मी टेबलापाशी गेले. "बाळाशेट, ही इंजिना बंद कशी करतलात, ता आदी सांगा."

"ताई, हा प्रसंग..." ते माइक बाजूला धरून म्हणाले. "दोरी ऐच्छिक आहे, तुम्हाला माहीत आहे."

मी फोटो उचलला, हार काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"गेल्या वर्साक चाचांका मैदान रिकामा करूक सांगितलात मा? ह्या बघा, केला रिकामा."

फोटो छातीशी धरून मी मेरेवरून चालू लागले. मागे दिगाने ट्रॅक्टर वळवला आणि रांगेतून बाहेर काढला. झडपेची दोरी त्याच्यामागे चिखलातून घासत येत होती.