पंख्यात अडकलेलं जाळं

लखनौत वाढलेल्या माझ्या कॉलेजवयीन मुलीला समुद्री पक्षी पाहायचे होते, म्हणून सप्टेंबरात आम्ही दोघं मालवणला गेलो. होडी खोल समुद्रात गेली, किनारा दिसेनासा झाला. तरंगत्या ओंडक्यावर सुरय पक्षी बसलेले दिसले, तेवढ्यात इंजिन बंद पडलं. वाहून आलेलं जाळं पंख्यात गुरफटलं होतं.

होडी लाटांना आडवी होऊन डोलू लागली. "घाबरू नका," म्हणत तांडेलानं सुरी घेतली आणि पाण्यात उडी मारली. तो लवकर वर येईना. हा बुडाला तर होडी कोण चालवणार, हेच आधी माझ्या मनात आलं. त्याची अजून लाज वाटते. मी मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, छोड़ो, दर्द हो रहा है!"

अखेर तांडेल धापा टाकत वर आला. इंजिन सुरू झालं. "अजून पुढे जायचं का?" त्यानं विचारलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नहीं भैया, वापस चलिए."

किनारा दिसल्यावर मी तिला सांगितलं, की मला पोहता येत नाही.

"पता है बाबा," ती म्हणाली. "आई ने चारबाग स्टेशन पर ही बता दिया था."