आक्कांनी वाढलेली मरळ

पळसदेवहून भावकीतले एक गृहस्थ दुपारच्या एस. टी.नं बारामतीला आले आणि दारातूनच म्हणाले, “आक्का गेल्या.” मी ज्वारी निवडत होते. सूप हातात तसंच राहिलं... आम्ही पोचलो तोवर भीमेच्या काठावर सगळं उरकलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी वरकुट्याची, आईविना वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा चूल पेटवण्यापलीकडे मला फारसं काही येत नव्हतं. यजमान बारामतीच्या शाळेत मास्तर, आठवड्यातून एकदा घरी यायचे. एरवी घरात आक्का, थोरले दीर आबा आणि मी. आक्कांना मूलबाळ नव्हतं. मासा भाजायला मला त्यांनीच शिकवलं. मरळीचे जाड तुकडे, त्यांना हळद, मीठ, वाटलेला लसूण-मिरची. तवा धूर सोडेपर्यंत तापवायचा. तुकडा टाकला की मी लगेच उलथनं घालायला जायची, आणि त्या माझा हात धरायच्या. “आगं, हलवू नगंस. कड लाल झाली की त्यो सोताहून तवा सोडतो.” सोबत अर्धकच्च्या पेरूची कोशिंबीर, मिरची-कोथिंबीर घालून, वर लिंबू पिळलेली. तो तिखट, कढत मासा आणि गार, आंबटगोड पेरू... दुसऱ्या कुणाच्या हातचं तसं मी खाल्लं नाही.

मला सातवा महिना होता. आश्विनातल्या एका सकाळी तेच खावंसं वाटलं. लाजत फक्त आक्कांच्या कानात सांगितलं. त्यांनी हसून आबांना हाक मारली, “धाकटीला डोहाळं लागल्यात. मरळ आणा.” आबा जाळं घेऊन नदीवर गेले. पाणी ओसरत आलं होतं, पण अजून गढूळ होतं. डोहाच्या कडेला त्यांचा पाय निसटला, जाळं पायात गुरफटलं. दुसऱ्या दिवशी ते खालच्या अंगाला सापडले. पोटुशी म्हणून मला त्या दिवसांत कुणी माणसांत येऊ दिलं नाही.

मार्गशीर्षात मुलगी झाली. माझ्या घशाखाली घास उतरेना. दूध आटलं. पोर रडून रडून निपचित पडायची. एके सकाळी आक्का कुणाला न सांगता बाहेर पडल्या आणि नदीवरच्या भोयांकडून मरळ घेऊन आल्या. मोकळ्या कपाळानं तव्यापुढं बसल्या. पेरूसुद्धा चिरला. ताट समोर आलं तशी मी मान फिरवली.

“खा,” त्या म्हणाल्या. “पोरीला दूध पायजे.”

मी रडत खाल्लं. त्या काटे काढून देत राहिल्या. स्वतः मात्र त्यांनी मासा पुन्हा कधी तोंडात घातला नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी बारामतीला राहायला आले. गेल्या दिवाळीत पळसदेवला गेले तेव्हा धीर करून विचारलं, “आक्का, माझा राग नाही आला तुम्हाला?”

त्यांनी माझ्या मुलीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, “आला की. आजून येतो कवा कवा. तुजा येतो, त्यांचा येतो, माजाबी येतो. मग ही पोरगी म्होरं दिसती.”

तीच शेवटची भेट.

दहाव्याला घाटावरून परतल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या गोदाकाकू माझ्याजवळ टेकल्या. “लई सोसलं बाई तिनं. एकदा जिभंला पानी सुटलं, आन नवरा घालवून बसली. म्हनून तर मासा सोडला.”

मला कळेना. “कोण म्हणालं असं?”

“तिनंच सांगितलं की! आबाला घरी आनलं तवा, समद्यांम्होरं. ‘मीच मरळ मागितली,’ म्हनली. मान्सं काय काय बोलली तिला! खाली मान घालून ऐकत हुती.”

मी तोंड उघडलं. पण शेजारी माझी सात वर्षांची मुलगी बसली होती, माझ्याकडं बघत... आणि मी गप्प राहिले.

परवा तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. ती मला चिकटून बसली. हे ज्यात छापून येईल तो अंक पळसदेवातही जातो. तिथल्या कुणीतरी तो गोदाकाकूंना वाचून दाखवावा. मरळ आक्कांनी मागितली नव्हती. मी मागितली होती.