भर दुपारचे हेडलाइट

माझ्या मामाइतका संशयी माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. सातपाटीहून पापलेट घेऊन येणाऱ्या बाईने कल्ले उघडून दाखवले तरी तो स्वतः पुन्हा उघडून बघतो. माझ्या लग्नात त्याने एक जिलबी चाखली आणि आचाऱ्याला तुपाचा डबाच मांडवात आणायला लावला. त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर, त्याच्या वडिलांच्या जुन्या जीपवर.

त्या जीपला पूर्वी डायनामो होता. तो चार्जिंग करतोय का हे बघायची मामाची रीत म्हणजे इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपटायची. गाडी चालू राहिली तर डायनामो खरा. मीटर लावणाऱ्यांना तो भित्रे म्हणायचा. डायनामो थकला तेव्हा तारापूरला कारखान्यात लागलेल्या मामाच्या मुलाने हौसेने त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवून दिला. मामाने चारचौघांत वायर उपटून त्याचीही परीक्षा घेतली. गाडी चालू राहिली, पण दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरलेली. "बापालाबी भंगार देतो," असं तो शेजाऱ्यांच्या देखत म्हणाला. मुलगा बायकोला घेऊन कुंभवलीला राहायला गेला, तो गेलाच.

मामाने बोईसरच्या एका मिस्त्रीकडून दुसरा अल्टरनेटर आणला. तीच परीक्षा आणि तोच निकाल. मग मला साक्षीदार म्हणून घेऊन तो मिस्त्रीशी भांडायला गेला. तिथेही सवयीने त्याचा हात वायरीकडे गेला, तसं मिस्त्रीने मनगट धरलं. "चाचा, घर पे भी यही करते हो? ये डायनामो नहीं है. चालू गाडी में बैटरी निकालोगे तो अल्टरनेटर जलेगा ही."

परतताना मामाने कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. घरी येऊन माळ्यावर फेकलेला मुलाचा अल्टरनेटर काढला आणि तोच दुरुस्त करून जीपला बसवून घेतला.

पण चुकलो म्हणायला जीभ वळेल तर शपथ. दर रविवारी भर दुपारी तो मला शेजारी बसवून कुंभवलीला जातो, मुलाच्या दारासमोर जीप उभी करतो, दोन्ही हेडलाइट लावतो आणि थोड्या वेळाने परत फिरतो. मला या हट्टाचा वीट आला आहे. एकदा चिडून म्हटलं, "मामा, आत जाऊन एक शब्द बोल ना."

"त्याला उजेड दिसत नाय का?" तो म्हणाला. "त्याचाच अल्टरनेटर हाय."

मी मामेभावाला सगळं सांगितलं. तोही त्याच बापाचा. "मग बाबांनीच सांगू दे," म्हणाला. अशा दोन दगडांत माझे रविवार भरडले जातात.

मागे एकदा मात्र तो दारात आला. बापाकडे न बघता मला म्हणाला, "दादा, डावा दिवा मंद हाय. अर्थिंगची तार बघायला पायजे."

मामाने ऐकलं. त्यानंतर कित्येक रविवार गेले, डावा दिवा तसाच मंद जळतो. चालत्या गाडीची वायर उपटणारा हा माणूस त्या तारेला हात लावत नाही, आणि मला लावू देत नाही. "ज्याला दिसलं तो बघेल," म्हणतो.