कुरकुर न करणारी मोटार

बैल घेताना दात मोजणारा, खूर ठोकून पाहणारा शहाणा माणूस जुनी मोटार घेताना आंधळा का होतो? तुम्हीच सांगा! नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण या प्रश्नाने मला जितके पळवले तितके कुणा दरोडेखोराने पळवले नाही. ते तीन दिवस अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहेत.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मी अमरावतीत फौजदार होतो. शहरातल्या एका नामांकित वकिलांनी अकोल्याच्या दलालाकडून जुनी विलायती मोटार घेतली. लांबलचक, काळीभोर, आत मखमली गाद्या. म्हणे कुण्या राजेसाहेबांची. नव्या देशी गाडीपेक्षा स्वस्तात राजेशाही थाट! वकीलसाहेब कोर्टात जायचे तर लोक रस्त्यावर थांबून पाहायचे.

बाराव्या दिवशी घरच्या मंडळींना घेऊन ते कौंडण्यपूरच्या यात्रेला निघाले. अर्ध्या वाटेत खाडकन आवाज झाला आणि गाडी बसली. गिअरचे दात तुटून आत चुरा झाला होता. मोटार स्टँडवर चारचौघांत आपल्या ड्रायव्हरला चोर ठरवून वकीलसाहेब तडक ठाण्यात आले. ड्रायव्हरने चांगले गिअर काढून विकले आणि आत भंगार भरले, अशी फिर्याद त्यांनी दिली. वजनदार माणूस, लेखी फिर्याद. मी ड्रायव्हरला अटक केली. कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

ड्रायव्हर एकच गोष्ट सांगत होता. "सायेब, तेरा वर्सं चाक हातात हाय. दुसऱ्याचा एक नट बी घरी नेला नाई म्या. चोर म्हणून नाव लागलं तर मले कोन गाडी देईन?"

खरेच होते. चोरीचा डाग लागलेल्या ड्रायव्हरच्या हाती कुणी चाक देत नाही. त्याचे घर त्या चाकावर चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. ठाणे अंमलदाराने तिला बाहेरच थांबवले. ती दारातूनच म्हणाली, "फौजदार सायेब, मले मोटारीतलं काई समजत नाई. पन पयल्याच दिवशी हे घरी येऊन म्हनाले, 'गाडी लय गुपचूप हाय वं. एवढी म्हातारी, अन् कुरकुर काहून नाई करत?'"

मी खुर्चीतून उठलो! खिळखिळी बैलगाडी कुरकुरते, म्हातारा माणूस कुरकुरतो. मग ही मोटारच का गप्प?

तासाभरात दोन पंच आणि एक म्हातारे मिस्तरी घेऊन मी वकिलांच्या आवारात हजर. मिस्तरींनी गाडीखाली सरकून गिअरपेटीचे बूच सोडले. तेल गळेना. बोट घालून त्यांनी गोळाच बाहेर काढला.

"हे तेल नाई, सायेब. हा तर शिरा होय!"

"कशाचा?"

"लाकडाच्या भुश्याचा. सागाचा दिसते. दात झिजले का गिअर बोंबलते. भुसा कोंबला का दहा-पंधरा दिवस त्याचं तोंड बंद. मंग सारं एकदमच खलास."

मी खूश झालो, पण वकीलसाहेब माझ्याहून खूश! "बघा! हा माणूस पूर्वी परतवाड्याहून सागाचे ट्रक आणायचा. भुसा दुसरा कोण आणणार?"

घ्या! ज्या पुराव्याने ड्रायव्हर सुटायचा तोच त्याच्या गळ्याशी आला. मी वकिलांनाच विचारले, "घेण्याआधी गाडी चालवून पाहिली होती?"

ते अडखळले. "पूजा झाली होती ना. नारळ फुटल्यावर लक्ष्मी म्हणून जिला कुंकू लावलं, तिची परीक्षा घ्यायची? अपशकुन तो."

"पूजा घरी केलीत?"

"छे, तिथेच. दलालाकडे गुरुजी तयारच होते."

गुरुजी तयारच होते! मिस्तरींनी माझ्याकडे पाहिले, मी मिस्तरींकडे. स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि दुपारच्या गाडीने आम्ही अकोल्याला निघालो. वाटेत मिस्तरी सांगत होते, "गिअर मिळाले असते तरी काय? हिचे टायर मुंबईले बी मिळत नाईत. पेट्रोल पानी पिल्यावानी पिते. ही मोटार नाई सायेब, दिवाळसनाले आलेला जावई होय. खाते अन् रुसते!"

अकोल्याच्या ठाण्यात वर्दी दिली. तिथला हवालदार आणि दोन पंच दलालाच्या आवारासमोर चहा पीत बसले. मी धोतर-टोपी घालून वलगावचा कास्तकार झालो, मिस्तरी माझे मामा झाले.

"या पाटील, या!" दलालाने दुसऱ्या एका चकचकीत मोटारीचे दार उघडले. "राजवाड्यातली हाय. हात लावून पाहा." आणि मी हात लावायच्या आत ओरडला, "गुरुजी, नारळ आना!"

"थांबा," मी म्हणालो. "नारळ मंग. आमी बैल जुंपून पाह्यल्याबिगर दावनीले बांधत नाई."

"पाटील, मोटार हाय, बैल नाई!"

"दोनी ओढाचसाठीच घेतो ना? थंड इंजिन चालू करा, पाच मानसं बसवा, अन् चला पातूरच्या घाटात. तुमचा मिस्तरी चालवन, तुमी बाजूले बसा."

दलाल हसला, पण त्याच्या मिस्तरीने हातातली किल्ली बॉनेटवर ठेवली. "शेट, घाटात मी नाई जात. तुमीच जा."

मी टोपी काढली आणि हवालदाराला खूण केली. पंचांसमोर बूच सोडले. तोच शिरा! मागच्या पडवीत सागाच्या भुश्याचे पोते सापडले. दलाल म्हणाला, तेल सांडते म्हणून जमिनीवर टाकायला ठेवलाय. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या मिस्तरीला बाजूला नेले. जो माणूस स्वतः भुसा भरलेल्या गाडीत बसायला घाबरतो, त्याला मारावे लागत नाही.

"अमरावतीच्या वकिलांच्या गाडीपायी त्यांचा ड्रायव्हर कोठडीत आहे," मी म्हणालो.

तो दचकला. "त्यानं काय केलं?"

"काहीच नाही. तरी बसलाय."

त्याने तेलकट हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "लिहून घ्या सायेब. शेटनं सांगतलं, म्या भरला."

तिसऱ्या दिवशी कोर्टात मी अहवाल ठेवला आणि ड्रायव्हर सुटला. दलालावर फसवणुकीचा खटला झाला. वकीलसाहेब ड्रायव्हरला म्हणाले, "रागात झालं रे. उद्यापासून ये कामावर."

मी त्यांना थांबवले. "चोर तुम्ही मोटार स्टँडवर चारचौघांत म्हणालात. तो चोर नाही, हेही तिथेच म्हणा."

ते चिडले, पण गेले आणि बोलले! सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते. आमच्या माणसाने ऐकून घेतले आणि हात जोडले. "लय झालं, वकीलसायेब. पन तुमच्या गाडीवर आता माह्यानं बसनं होत नाई." महिन्याभरात तो परतवाड्याच्या बसवर लागला.

जुनी मोटार घेणाऱ्याला मी आजही सांगतो, थंड असताना चालू करून पाहा, भरून चढावर न्या, तेल काढून बोटावर घ्या, आणि आधी टायर-गिअर कुठे मिळतात ते विचारा. गाडी घेणे सोपे, पोसणे अवघड. पण मला टोचते ते वेगळेच. वकिलांनी न तपासता गाडी घेतली. मी न तपासता माणूस आत टाकला! अटक आधी केली, बूच नंतर सोडले. तीन दिवस निर्दोष माणूस गजाआड होता तो माझ्या सहीने.

म्हणून एक मागणे आहे. तुमच्या घरात उद्या काही मोडेल, काही हरवेल आणि पहिले नाव नोकराचेच ओठांवर येईल. ठाण्याची पायरी चढण्याआधी त्या माणसाला खुर्ची द्या, समोर बसवा आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. त्याच्या बायकोचेही ऐका.