लिंबाजी सुतारांची गुराब

ईट गावच्या लिंबाजी सुतारांनी जन्मभर बैलगाड्या केल्या. समुद्र कधी पाहिला नाही. ट्रॅक्टर आले, गाड्यांचं काम संपलं आणि लिंबाजी ओट्यावर नुसते बसू लागले. तेव्हा त्यांच्या मुलीनं, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मोनिकानं, एक चित्र आणलं. मराठ्यांच्या आरमारातली गुराब. दोन डोलकाठ्या, उथळ बूड, पुढं लांब चोच काढलेलं लढाऊ जहाज. वर्गात ठेवायला हातभर नमुना करा, एवढंच तिचं म्हणणं.

"खेळणं कशाला? पाण्यावर चालंल अशीच करू," लिंबाजी म्हणाले.

दीड वर्षानं अठरा फुटांची गुराब ट्रॉलीवरून तलावावर आली. तलावात मासे धरणारा धोंडप्पा तिच्याभोवती फिरून म्हणाला, "काका, पोटात वजन न्हाय हिच्या. आज वल्ह्यांवरच फिरवा. शीड उघडू नगा."

"तू जाळं बघ तुझं."

बाप-लेक गुराबीत बसले. मोनिकानं सुकाणू धरलं, लिंबाजींनी शीड चढवून दोर काठीला आवळून बांधला. गुराब सुरेख निघाली. काठावरचे लोक शिट्ट्या मारत होते.

मधोमध गेल्यावर डोंगराकडून वारा सुटला. शीड फुगलं, गुराब एका अंगावर गेली आणि तिची कड पाण्याला टेकली. पाणी आत येऊ लागलं.

"आबा, दोर सोडा."

गाठ गाडीच्या ओझ्याला मारतात तशी, ओली होऊन दगड झालेली. लिंबाजींची नखं तुटली, गाठ हलली नाही. मोनिकाला पोहता येत नव्हतं. लिंबाजींनी हत्यारांच्या पिशवीतून लाकूड तासायचा वाकस काढला. पहिला घाव चुकून काठीवर बसला. गुराब आणखी कलली. दुसऱ्या घावात दोर तुटला, शीड धाडकन कोसळलं आणि गुराब डुलत डुलत सरळ झाली.

दोघं गुडघाभर पाण्यात बसून राहिले. मोनिकाचे हात सुकाणूवरून निघेनात.

ट्यूबच्या तराफ्यावरून धोंडप्पा आला. त्यानं दोर बांधला आणि गुराब काठाला ओढत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी त्याच्या दारात उभे होते.

"किती वजन घालू, सांग. अन् लगेच सुटंल अशी गाठ शिकव."

धोंडप्पानं आधी घरात चहा ठेवायला सांगितला. मग सुतळीचा तुकडा घेऊन तो त्यांच्याशेजारी बसला. पंधरा दिवसांनी वाळूची नऊ पोती पोटात घेऊन गुराब तलाव पार करून गेली. सुकाणूवर मोनिकाच होती. शिडाचा दोर धोंडप्पाच्या हातात होता. लिंबाजींनीच तो त्याला दिला होता.