दहा हजार गेम
नव्या मेमरी कार्डाचं पाकीट फाडलं की माझं डोकं अजून तापतं. बाबांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेल्यावर मी आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, पत्त्यांच्या डबीएवढ्या कॉम्प्युटरवर त्यांच्यासाठी जुने आर्केड गेम बसवले होते. निवडून चाळीसच, आणि सगळे एका डाव्या हातानं खेळता येतील असे. दिवाळीला आलेल्या बहिणीच्या नवऱ्यानं न विचारता त्यातलं गेमचं मेमरी कार्ड पुसलं. "दहा हजार गेम टाकून देले!" तो हसला. बाबा डाव्या हातानं बटणं दाबत राहिले, पण त्या हातासाठी मी केलेली बटणांची जुळणीही पुसली गेली होती; पडद्यावरचं विमान हललंच नाही. "हा हातबी गेला वाटते," ते पुटपुटले. "हात नाई गेला, बाबा! यायनं बिघडवलं!" मी ओरडले. "जावई हायेत ते, चूप राय," आईनं मलाच दटावलं. मी सगळं पुन्हा लावून दिलं, पण बाबा परत खेळायला बसले नाहीत. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.