येऊन राह्यलो

डोणगावात माझं बियाण्याचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या शिव्या खाणं हा या धंद्याचाच भाग, त्यामुळे शिव्यांतलं मला थोडंफार कळतं. पण माझ्या शेजारी टिनाच्या टपरीत फवारणीचे पंप दुरुस्त करणारा वाहेद खान जेवढ्या शिव्या खायचा, तेवढ्या मी सात जन्मांत खाणार नाही. आणि त्या सगळ्या एकट्या गोजरबाईच्या.

गोजरबाई म्हणजे उकंडरावची विधवा आणि फौजेत गेलेल्या गजेंद्रची आई. बाजाराला जाता-येता ती टपरीपुढे थांबायची आणि रस्ताभर ऐकू जाईल असं सुरू व्हायची.

"माह्या पोराले खाल्लं रे तुनं, वाहेद्या! तू बोंबलला म्हनून थो धावला. थो मातीत गेला अन् तू इथं दोन टाइम खाऊन राह्यला."

वाहेद मान खाली घालून पंपाचा वायसर बसवत राहायचा. तिचा दम संपला की त्याच दमात पुढचं यायचं, "वावरात डवरा कधी फिरवशीन?" वाहेद म्हणायचा, "उद्या फिरवतो माय." आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली लाकडी पाय लावून तो तिच्या वावरात तण काढायला हजर असायचा.

त्या पायावरून मला लोकांचा फार राग यायचा. कोणी नवा माणूस आला की विचारायचा, कोणत्या लढाईत गेला हो? कारगिल का? वाहेद म्हणायचा, "लढाई झालीच नाई." मग ऐकणाऱ्याचा चेहरा असा पडायचा, जणू त्याला कोणी फसवलं. अरे, ज्या लढाईत गोळी सुटली नाही त्या लढाईत माणसं मरत नाहीत असं तुम्हाला कोणी सांगितलं?

वाहेद आणि गजेंद्र एकाच वर्गातले, एकाच बाकावरचे, आणि एकाच पेपरात नापास झालेले. गजाचं डोकं चालायचं आणि वाहेदचे हात, असं मास्तर म्हणायचे. बुलडाण्याला भरती लागली तेव्हा दोघं माझ्याच दुकानाच्या बियाण्याच्या गाडीवर बसून गेले. एकाची छाती कमी भरत होती, ती त्यानं श्वास रोखून भरवली. कोणाची ते दोघांनी कधी कबूल केलं नाही. दोघं एकाच इंजिनिअर पलटणीत लागले. पूल बांधायचे, रस्ते करायचे, आणि वेळ आली तर सुरुंग पेरायचे, हे त्या पलटणीचं काम.

ती वेळ आली. संसदेवर हल्ला झाला, सगळी फौज सरहद्दीवर गेली, आणि या दोघांना राजस्थानच्या टोकाला उतरवलं. पाहतात तर काय, समोर पऱ्हाट्या उभ्या. मेहकर तालुक्यात आल्यासारखं वाटलं म्हणे. दुसऱ्यांच्या कापसाच्या रानात, दोरी धरून, अंतर मोजून, आपल्याकडे सरकी टोबतात तसेच त्यांनी सुरुंग पुरले. बांधावर त्या शेतांचे मालक उभे राहून पाहत होते. गजा वाहेदच्या कानात म्हणाला, "पेरून त राह्यलो बे, पन उगवू नये अशी दुआ कर."

लढाई पेटली नाही. फौजा मागे फिरल्या. इकडे आमच्याकडे बीटी कापसाच्या बियाण्याची पहिली पाकिटं आली होती आणि मी दुकानात फुशारून बसलो होतो. तिकडे या पोरांना पेरलेलं सगळं परत वेचायचं होतं. पेरणं सोपं होतं. मधे पाऊस झाला, वाळू सरकली, कालव्याचं पाणी फिरलं, माणसाच्या उंचीचं गवत माजलं. सुरुंग आपल्या जागेवर राहिलेच नव्हते.

पुढचं मला कसं कळलं ते पुढे येईलच. आधी घडलं तसं सांगतो.

वाहेदचा पाय एका सरकलेल्या सुरुंगावर पडला. तो गवतात कोसळला, पाऊल गेलेलं, रक्त वाहतंय. अशा वेळी धावत जायचं नसतं. सळईनं जमीन टोचत, इंच इंच तपासत, मागे पांढरी पट्टी सोडत जायचं. पोचलं की रस्ता साफ झाला म्हणून सांगायचं, मगच त्या पट्टीवरून स्ट्रेचर येतं. कोणी सांगायच्या आधीच गजा पोटावर पडून निघाला होता. वाहेदची शुद्ध जाऊ नये म्हणून तो सारखा बोलत होता. "डोये मिटू नको बे. येऊन राह्यलो. आयशाले काय सांगू मी, झोपला होता म्हनून? येऊन राह्यलो ना!" आयशा म्हणजे वाहेदची बायको, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

बाहेर हवालदार भगवंतराव जगदाळे उभे होते. साताऱ्याकडचे, नुकतेच या तुकडीवर आलेले. गवतामुळे त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी हाक दिली, "गजेंद्र, पोचलास का रं?"

गजा ओरडला, "येऊन राह्यलो, उस्ताद!"

आता तुम्ही वऱ्हाडातले असाल तर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आपल्याकडे येऊन राह्यलो म्हणजे येतोय, वाटेत आहे, अजून पोचलो नाही. साताऱ्याच्या कानाला ते काय ऐकू आलं? येऊन राहिलो. आलो, आणि इथंच थांबलोय. जगदाळ्यांनी स्ट्रेचरवाल्या दोन पोरांना आत सोडलं.

ती पोरं घाईत होती. गवतात पांढरी पट्टी हरवली आणि ती वाहेदच्या कण्हण्याच्या रोखानं सरळ निघाली, न तपासलेल्या जमिनीवरून. गजानं ते पाहिलं. तो ओरडला, त्यांना कळेना. मग तो उठला, धावत आडवा गेला आणि दोघांना मागे ढकललं. ती दोघं पट्टीवर पडली. गजा जिथं उभा होता तिथली जमीन फुटली.

त्यानंतर आत जायची कोणाची छाती होईना. जगदाळे स्वतः गेले. उरलेली जमीन टोचत वाहेदपर्यंत पोचले आणि त्याला पाठीवर टाकून बाहेर घेऊन आले.

वाहेदला शुद्ध आली ती फौजेच्या दवाखान्यात. जगदाळे उशाशी बसले होते आणि एकच गोष्ट घोकत होते. तो पोचलो म्हणाला रं, मी माझ्या कानानं ऐकलं, मग पोचला का नव्हता? वाहेदला तिथल्या तिथे उलगडा झाला. या माणसानं एका शब्दापायी गजा घालवला होता, आणि याच माणसानं आपल्याला पाठीवर आणलं होतं. घरी दोन लेकरं होती त्याला. हे कळलं तर तो जीव देईल, असं वाहेदला वाटलं, आणि त्या चेहऱ्याकडे पाहून तसं कोणालाही वाटलं असतं. चौकशीला साहेब आले तेव्हा वाहेदनं सांगितलं, मीच वाचवा वाचवा ओरडलो, त्या आवाजावर सगळे आत आले.

गावात आल्यावर गोजरबाईलाही त्यानं तेच सांगितलं. मी बोंबललो, म्हणून गजा धावत आला. स्ट्रेचरवाल्या पोरांचं नाव काढलं नाही. ती आत कशी आली, असं कोणी विचारलं असतं तर? बाईनं पायातली वहाण काढून त्याला मारली. तेव्हापासून जे तोंड सुटलं ते पंधरा वर्षं बंद झालं नाही.

आणि आम्ही काय केलं? आम्ही गावानं तिचं ऐकलं. वाहेद घाबरट आहे, त्याच्यापायी वाघासारखं पोर गेलं, असं पारावर बोललं जायचं. मीही मान हलवायचो. पण दुकानदार म्हणून एक गोष्ट मला कायम खटकायची. बीटीच्या पाकिटात साध्या वाणाची एक छोटी पुडी यायची, अळी बीटीला सरावू नये म्हणून ती वावराच्या कडेनं लावायची असं पाकिटावरच लिहिलेलं. साऱ्या तालुक्यात ती लोकांनी उकिरड्यावर फेकली. फक्त गोजरबाईच्या वावरात वाहेद ती पुडी दाणा दाणा टोबून चारही बाजूंनी लावायचा. घाबरट माणूस दुसऱ्याच्या वावरात इतकं मन घालत नाही.

बोंडअळीनं बीटीचं नाक कापलं त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी झाली होती, बोंडं किडकी निघत होती आणि माझ्या दुकानात गिऱ्हाइकं भांडायलाच येत होती. मेहकरच्या गाडीतून एक म्हातारा उतरला. ताठ चाल, पांढऱ्या मिशा, हातात पिशवी. शेगावला दर्शनाला आलो होतो, म्हणाला, इथं गजेंद्रची आई असते ना? वाहेदनं पंप खाली ठेवला आणि एका पायावर उभं राहून कडक सलाम ठोकला. "उस्ताद!"

दोघं गळ्यात पडून रडले. वाहेद त्यांच्याशी हिंदीतच बोलत होता, मला वाटलं फौजेची सवय. पाहुण्यासमोर मीही माझी शुद्ध पुणेरी बाहेर काढली. जगदाळे म्हणाले, "माउलीचे पाय धरायचेत एकदा. तेवढंच राहिलंय."

वाहेद पटकन म्हणाला, "वो घर पे नहीं है उस्ताद. गाँव गई है."

"आहे की!" मी मेला मधेच बोललो. "आत्ता तर तुला शिव्या घालून गेली."

वाहेदनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो, पण जगदाळे उठले होते.

गोजरबाईच्या ओट्यावर आम्ही बसलो. मी आत आवाज दिला, गजाच्या पलटणीतले पाहुणे आलेत. चुलीपाशी भांडं वाजलं आणि तिचा खणखणीत आवाज आला, "बसा, बसा! येऊन राह्यली मी!"

जगदाळे उठून हात जोडून उभे राहिले. दारात कोणी आलं नाही. ते तसेच उभे.

"चहा उतरवतो अन् येऊन राह्यली!"

जगदाळे गोंधळून माझ्याकडे वळले. "आल्या म्हणतात, आणि दिसत तर नाहीत?"

मला हसू आलं. "अहो, बसा तुम्ही. आमच्याकडे येऊन राह्यली म्हणजे येतेय. अजून चुलीपाशीच आहे ती."

म्हाताऱ्याचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यानं वाहेदकडे पाहिलं. वाहेदनं नजर दुसरीकडे वळवली.

"वाहेद," ते म्हणाले, "तुला माहीत होतं?"

तेवढ्यात गोजरबाई कपबशा घेऊन बाहेर आली. जगदाळे तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःला वाचवणारा एक शब्दही त्यात नव्हता. हाक मी दिली, उत्तर मी चुकीचं ऐकलं, पोरं मी आत सोडली, त्यांना वाचवायला तुमचा मुलगा उठला. वाहेद ओरडला नव्हता. त्याच्यात ओरडायची ताकदच नव्हती. सुरुंग फुटल्यावर मलासुद्धा त्याचं फक्त कण्हणं ऐकू आलं होतं. चौकशीत तो तसं का बोलला ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आज कळतंय.

पारावर मान हलवणारा मी, तोंड कुठे लपवू असं मला झालं.

गोजरबाई कपबशा धरून उभीच होती. तिनं विचारलं, "थे दोन पोट्टे? जिते आहेत काय?"

"आहेत माउली. एक पोलिसात आहे. दुसऱ्याला दोन मुली आहेत."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "माह्या गजाचं काम फुकट नाई गेलं. उठा तुमी. आमची बोलीच तशी, त्याले तुमी काय करसान? चहा घ्या."

तिनं कप त्यांच्या हातात दिला. मग ती वाहेदकडे वळली.

"अन् तू काऊन नाई सांगतलं बे? इतके साल मी तुले बोलली. वहान मारली. मुक्यानं काऊन ऐकलं?"

वाहेद ओट्याच्या कडेला बसला होता. म्हणाला, "कोनाले त बोलाले पायजे होतं तुले, माय. न बोलती त तू मरून गेली असती. उस्ताद पडले साताऱ्याले, तितलोक तुह्या शिव्या पोचत नवत्या. मी त समोरच होतो."

"मंग आता मी कोनाले बोलू रे?"

"मलेच बोल ना."

गोजरबाईनं तोंड उघडलं. पण शिवी निघेना. गजा गेल्यावर जिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, ती बाई ओट्यावर मटकन बसली आणि वाहेदच्या खांद्यावर डोकं टाकून लहान पोरासारखी हुंदके द्यायला लागली. वाहेद घाबरून गेला. "बोल ना माय," तो म्हणत राहिला, "बोल ना."